आजच्या कागदापासून मागे: गोव्यातल्या कायद्याचा इतिहास कसा शोधावा

गोव्यातल्या कायद्याचा इतिहास अभ्यासायचा म्हटलं की नवखी माणसं १५१० पासून सुरुवात करतात. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्क येतो, मग इन्क्विझिशन हे चर्चचं धर्मन्यायालय, मग पोर्तुगालमधलं प्रजासत्ताक, आणि १९६१ उजाडेपर्यंत वही भरून जाते. विषय मात्र हाती लागत नाही. माझं मत असं, की गोव्यात हे काम उलट्या टोकाने करावं. आज मामलेदाराकडे, नोटरीकडे किंवा पर्वरीच्या उच्च न्यायालयात जो वाद चालू आहे तो धरायचा आणि तिथून मागे मागे जायचं.

याला कारण आहे. १९ डिसेंबर १९६१ ला राज्य बदललं, पण कायदा त्या दिवशी बदलला नाही. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने आधीचे कायदे बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालूच ठेवले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू होती. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता आणून ती मोडीत काढली, गोव्यात मात्र जुनीच राहिली. वारसाहक्काचा भाग पुढे २०१२ च्या गोव्याच्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्यात गेला आणि तो कायदा डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. लग्न आणि घटस्फोटाला अजून १९१० चे हुकूम लागतात. म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो तो इथे वकिलाच्या टेबलावर रोजच्या कामात असतो. त्याचा फायदा घ्यायला हवा.

प्रश्न लहान करा

‘गोव्यातील समान नागरी कायदा’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, तो भाषणाचा विषय झाला. प्रश्नात एक जागा, एक काळ आणि कोणाचं तरी कोणाशी भांडण असावं. उदाहरणार्थ: अमुक गावच्या खाजनाचा, म्हणजे भरतीचं पाणी अडवून राखलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला तर दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा, आणि ही जबाबदारी १९६० ते १९८० च्या दरम्यान कोणाकडून कोणाकडे गेली? किंवा: फोंड्यातल्या एका देवस्थानाच्या महाजनांच्या (हक्कदार सदस्यांच्या) यादीत कोणती घराणी होती आणि कोणती बाहेर राहिली?

पहिल्या प्रश्नातच किती धागे आहेत बघा. बांध सांभाळणं हे पूर्वी गावकारीचं, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीचं काम. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक ठरली, आणि बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. भरतीचं खारं पाणी कुठलंच कलम वाचत नाही, त्यामुळे पैसा कोणाचा नि मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) किल्ली कोणाकडे यावरून तंटे झाले. एवढ्या एका प्रश्नासाठी तुम्हाला कोमुनिदादींची संहिता, कूळ कायदा, राजपत्र, गावच्या संघटनेची इतिवृत्तं आणि शेतात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी असं सगळं लागेल.

आधी तालुका, मग कायदा

हे पाऊल बहुतेक जण गाळतात. गोवा एकदम एका कायद्याखाली आला नाही. तिसवाडी १५१० ला, बार्देश आणि साष्टी १५४३ ला पोर्तुगीजांकडे गेले. या झाल्या जुन्या काबिजादी. फोंडा १७६३ ला, पेडणे १७८८ ला, बाकीचे महालही त्याच अर्धशतकात. या नव्या काबिजादी. दोन्हींमध्ये सव्वादोनशे वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात कायद्याचं सगळं वळण बदललं होतं. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत देवळं पाडली गेली. अठराव्या शतकात नव्या काबिजादी घेताना लोकांचे धर्म-रिवाज राखण्याचं वचन दिलं गेलं. त्यामुळे ‘पोर्तुगीज कायद्यात असं होतं’ असं वाक्य लिहिण्याआधी विचारा: कुठल्या तालुक्यात, आणि कधी?

त्यात पुन्हा एक गोष्ट. पेडणे, डिचोली, सत्तरी इथलं १८व्या शतकाआधीचं पाहायचं तर सावंतवाडीकरांचा कारभार समजून घ्यावा लागेल. फोंडा, सांगे, केपे, काणकोण इथे सोंदेकर राजे, मराठे आणि त्याआधी आदिलशाही. पणजीत सगळं मिळेल या समजुतीत राहू नका.

कायद्याचे मोठे टप्पे एका कागदावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. १५२६ चं महसूल अधिकारी आफोन्सो मेशियाचं फोराल (सनद), ज्यात तिसवाडीच्या गावकारांचे रिवाज नोंदले गेले. १६०३ च्या फिलिपिन ऑर्डिनन्स, म्हणजे पोर्तुगालचे जुने राजकायदे, ज्या खाजगी कायद्यापुरत्या १८६७ पर्यंत टिकल्या. १८२४ ची नव्या काबिजादींच्या रिवाजांची संहिता. १८६७ ची नागरी संहिता आणि तिला जोडून १६ डिसेंबर १८८० चा गोव्यातल्या हिंदूंच्या रिवाजांचा हुकूम. १९१० चे विवाह आणि घटस्फोटाचे कायदे. १९३३ चा देवस्थानांचा माझानी रेग्युलामेंत, म्हणजे महाजनांच्या संस्थांची नियमावली. कोमुनिदादींची संहिता, जिची शेवटची पोर्तुगीज आवृत्ती १९६१ च्या एप्रिलमधली, म्हणजे मुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधीची. आणि मग विधानसभेचे कायदे: १९६४ चा कूळ, १९६८ ची महसूल संहिता, १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा). एवढं पुरे. बाकीचं गरज पडेल तसं येतं.

घरचं कपाट आणि नोंदणी कार्यालय

आता पहिला खरा कागद. गोव्यात जुन्या घरांत एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात ‘एस्क्रितुरा’ म्हणजे नोटरीपुढे केलेली खतं असतात. घरच्यांना विनंती करून ती बघा. खत वाचता आलं नाही तरी शेवटची ओळ शोधा. तिथे साधारण असं असतं: मिळकतीचं वर्णन अमुक नंबराखाली, ‘बी’ मालिकेच्या अमुक पुस्तकाच्या तमुक पानावर; आणि हस्तांतराची नोंद तमुक नंबराखाली ‘जी’ मालिकेच्या पुस्तकात. हे दोन नंबर म्हणजे किल्ली. ‘बी’ पुस्तकात जमिनीचं वर्णन, ‘जी’ पुस्तकात ती कोणाकडून कोणाकडे गेली ते. ही पुस्तकं जमीन नोंदणीची. जिथे जुनी नोंद आहे त्या तालुक्याच्या उपनिबंधकाकडे किंवा पुराभिलेखागारात ती शोधावी लागतात.

वर्णनात काय असतं ते जरा जवळून पाहू. जमिनीला नाव असतं. एखादं भाट (माडांची बाग), एखादी मोरड (चढावरची शेतजमीन), एखादं खाजन. मग चार सीमा: पूर्वेला अमक्याच्या वारसांचं भाट, पश्चिमेला कोमुनिदादीचा ओहोळ, उत्तरेला सार्वजनिक वाट, दक्षिणेला देवळाची जमीन. क्षेत्रफळ कित्येकदा नसतंच. हे वर्णन मोजणी करून लिहिलेलं नाही, मालकाने जे सांगितलं ते लिहिलेलं आहे, ही गोष्ट विसरलात की पुढचं सगळं घसरतं. त्यातला शेजारी हा साक्षीदार समजा. पूर्वेच्या शेजाऱ्याची नोंद काढा. तिच्या पश्चिमेला आपली जमीन त्याच नावाने येते का पाहा. आली तर दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी एकच सीमा मान्य केली असं म्हणता येतं. नाही आली तर तुमचा खरा विषय बहुधा तिथेच आहे.

महसूल संहितेनंतर नव्याने सर्व्हे झाला आणि ‘एक-चौदा’चा उतारा, म्हणजे सातबारासारखा हक्कनोंदीचा कागद, आला. जुन्या वर्णन नंबराची आणि नव्या सर्व्हे नंबराची जोडी लावून देणारी एकच वही कुठल्याही कचेरीत मिळेल या आशेवर बसू नका. ती जोडी सीमा, जमिनीचं नाव आणि शेजारी यांवरूनच लावायची असते, आणि लावली की तिचा आधार टिपून ठेवायचा.

‘मात्रीज’चा दाखला हा कर भरणाऱ्याचा कागद आहे, मालकीचा नव्हे. उताऱ्यातल्या कूळ-मुंडकारांच्या रकान्यांचंही तसंच; तो हक्काचा पुरावा आहे, पण पहिला शब्द, शेवटचा नव्हे.

पुराभिलेखागारात

पणजीचं पुराभिलेखागार हे भारतातल्या सर्वांत जुन्या दफ्तरांपैकी एक. १५९५ साली दियोगु द कूतो या इतिहासकाराला त्याचं काम सोपवलं गेलं. आपल्याकडे त्याची नीट वाट दाखवली ती डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी. त्यांनी या दफ्तराचा मार्गदर्शक १९५५ मध्ये छापला. तो पोर्तुगीजमध्ये आहे, पण मालिकांची नावं आणि वर्षं कळायला फार भाषा लागत नाही. दफ्तरात पाऊल टाकण्याआधी तो चाळा, नाहीतर काउंटरवर ‘काय पाहिजे?’ या प्रश्नाला तुम्ही ‘सगळं जुनं’ असं उत्तर द्याल आणि समोरचा माणूस हसू दाबेल.

तिथली सर्वांत प्रसिद्ध मालिका ‘मोन्सोंइश’ची, म्हणजे पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून राजा आणि व्हाइसरॉय यांच्यात झालेला पत्रव्यवहार. मोठ्या धोरणासाठी ती उत्तम. गावच्या प्रश्नासाठी मात्र कोमुनिदादींची दफ्तरं, नोटरींच्या वह्या, महालांच्या प्रशासकांचे पत्रव्यवहार जास्त उपयोगी. नवखे मोन्सोंइशच्या मोहात पडतात. पडू नये. लिस्बनहून लिहिलेल्या पत्रात करमळीच्या तळ्याचा बांध सापडणं कठीण.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र न्या. विद्यार्थी नसाल तर अर्जात विषय नेमका लिहा. शिसपेन्सिल न्या. प्रती आणि फोटो यांचे नियम आधी विचारा. जमिनीच्या नोंदींबाबत तिथे सावधगिरी जास्त आहे आणि ते योग्यच आहे: बनावट पोर्तुगीजकालीन कागद करून जमिनी लाटल्याच्या तक्रारींवर २०२२ मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमलं, निवृत्त न्यायाधीशांचा एकसदस्यीय आयोगही नेमला. याचा आपल्यासाठी अर्थ इतकाच की प्रत्येक जुन्या खताकडे थोड्या संशयाने बघायला शिका. पुस्तकाची शिवण, पानांचे क्रमांक, शाईचा रंग, आधीच्या नि नंतरच्या नोंदीतलं अक्षर, हे पाहणं इतिहासकाराचंही काम आहे.

अक्षराबद्दल. १९व्या शतकाचं पोर्तुगीज हस्ताक्षर दोन-तीन आठवड्यांत डोळ्याला बसतं. १६व्या-१७व्या शतकाचं तसं नाही; लेखनिक शब्द तोडून टाकतात, ‘वरील’ या अर्थी येणारा ‘दितो’ केवळ पहिलं अक्षर आणि वर एक चिमुकला ‘ओ’ एवढाच लिहितात. छापील संग्रहांपासून सुरुवात केलीत तर घोडं अडणार नाही. कुन्य रिवारा यांनी १८५७ पासून ‘आर्किव्हु पोर्तुगेझ-ओरिएंताल’ नावाने जुने कागद छापले, त्यात फोरालही आहे. छापील मजकूर एका बाजूला आणि मूळ पान दुसऱ्या बाजूला ठेवून वाचलं की अक्षर आपोआप उलगडतं. भाषा शिकायची असेल तर पणजीत कामोंइश केंद्र आणि फुंदासांव ओरिएंत आहेत, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे.

दफ्तराखेरीज पणजीतल्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय (मूळ स्थापना १८३२), पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातला पिसुर्लेकर संग्रह हे तीन पत्ते लिहून ठेवा.

राजपत्राची मागची पानं

माझ्या मते गोव्याच्या कायद्याच्या इतिहासाचं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपं साधन म्हणजे सरकारी बोलेतीं, पोर्तुगीज काळातलं राजपत्र. ते १८३७ मध्ये सुरू झालं. आज त्याची जागा गोव्याच्या राजपत्राने घेतली आहे आणि अलीकडचे अंक ऑनलाइन मिळतात. अभ्यासक पहिल्या पानावरचा हुकूम उतरवून घेतात आणि अंक परत करतात. खरी गंमत मागच्या पानांत आहे: लिलावाच्या नोटिसा, वारसांना हजर होण्याची फर्मानं, कोमुनिदादीच्या जमिनी भाडेपट्ट्याने मागणाऱ्यांचे अर्ज, देवस्थानांचे ‘कोंप्रोमिस’ म्हणजे प्रत्येक देवळाची मंजूर झालेली नियमावली. वर देवस्थानाचा जो प्रश्न सुचवला, त्याचं निम्मं उत्तर या कोंप्रोमिसमध्ये आणि महाजनांच्या यादीत असतं. कोणाला मत आहे, कोणाला पालखीचा मान आहे पण मत नाही, सेवेकरी कुळांची कामं काय, हे सगळं कलमवार लिहिलेलं. १९३३ च्या माझानी रेग्युलामेंतमध्ये देवस्थानांवर सरकारी देखरेख आहे आणि आज ती मामलेदाराकडे असते, म्हणून पुढच्या वर्षांतले तंटे त्याच्या कचेरीत शोधायचे.

बोलेतीं वाचण्याची पद्धत: तुमच्या प्रश्नाशी जुळणारं एक वर्ष निवडा आणि त्या वर्षाचे सगळे अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघा. विषयसूचीवर विसंबलात तर ज्याची सूची करणाऱ्याला किंमत वाटली तेवढंच दिसेल. जोडीला त्या वर्षीचं एखादं मराठी वर्तमानपत्र घ्या. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ १९१२ पासून निघत होतं; सरकारी अंकात एका ओळीत संपलेली गोष्ट अशा पत्रात दोन रकाने घेते, आणि उलटही होतं.

कोर्टातले कागद

निकाल शोधणं आता सोपं आहे, संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पण कोणतं कोर्ट कोणत्या काळात हे माहीत हवं. गोव्याचं ‘रेलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय १५४४ चं. मुक्तीनंतर १९६३ च्या डिसेंबरात ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय आलं आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ. ज्युडिशियल कमिशनरच्या काळातले निकाल जरूर वाचा. पोर्तुगीज कायद्यात वाढलेले वकील आणि भारतीय पद्धतीत तयार झालेले न्यायाधीश एकमेकांना समजावून घेत होते, तो संवाद त्या निकालांत जिवंत आहे.

सुरुवातीला एकच निकाल वाचायचा तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा जोझे पावलु कुतिन्यु विरुद्ध मारिया लुइझा वालेंतिना पेरैरा हा घ्या. गोवेकराची मुंबईतली मालमत्ता कोणत्या कायद्याने वाटायची, असा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटलं की पोर्तुगीज संहिता भारतीय संसदेने चालू ठेवल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे आणि गोव्याचा अधिवास असलेल्याच्या भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला ती लागते. निकालात इतिहास कसा सांगितलाय तेही बघा. न्यायाधीश इतिहास सांगतात तो निवाड्यापुरता. त्यांनी ज्या तारखा दिल्या त्या तपासून घ्या, ज्या दिल्या नाहीत त्या विचारा.

मात्र निकालाहून मोठा खजिना म्हणजे ‘इन्व्हेंतार’ची फाइल. माणूस वारला की वारसांत वाटणी करण्यासाठी ही कार्यवाही होते, आणि तिच्यात घरातलं सगळं लिहून किंमत लावली जाते: माड किती, सोनं किती तोळे, तांब्याची भांडी, लाकडी खाट, कोणाकडून येणं, कोणाचं देणं. किंमत तांगांत आणि रुपयांत, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एस्कुदांत. एका गावच्या तीस-चाळीस फायली ओळीने पाहिल्यात तर मुलींना संहितेने दिलेला समान हिस्सा प्रत्यक्षात त्यांच्या पदरात पडला का, की भावांच्या नावे हक्कसोड लिहून झाली, हे दिसायला लागतं. कायदा काय म्हणतो आणि घरात काय होतं यातलं अंतर मोजायला याहून चांगली पट्टी मला माहीत नाही.

१८८० च्या हुकुमाचंही असंच करावं. त्यात हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती: पहिल्या पत्नीला २५ वर्षांच्या वयापर्यंत मूल नसेल, किंवा ३० पर्यंत मुलगा नसेल तर, काही अटींवर. या कलमावर चर्चासत्रांत तावातावाने बोललं जातं. तावातावाने बोलण्यापेक्षा १९१४ पासूनच्या नागरी विवाह नोंदी एखाद्या तालुक्यापुरत्या मोजून काढल्या तर ते काम कोणाच्याही उपयोगी पडेल.

इन्क्विझिशनवर काम करण्याची ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: १५६० ते १८१२ असा, मधला चार वर्षांचा खंड सोडला तर, हा काळ. पण खटल्यांच्या बहुतेक फायली संस्था बंद झाल्यावर नष्ट केल्या गेल्या. उरलंय ते याद्या आणि पत्रव्यवहाराच्या रूपात, बरंचसं लिस्बनला, काही रिओ दि जानेरोत. त्यामुळे इथे हुकुमांवरून उलटं वाचावं लागतं. १७३६ च्या फर्मानात धर्मांतरितांनी लग्नात आणि घरात काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. दोनशे वर्षांनंतरही एवढी यादी करावी लागली, याचा अर्थ लोक ते सगळं करत होते.

मोडी, गोयकानडी आणि हेग

गोव्यावर काम करायला पोर्तुगीज लागते हे खरं, पण मराठी वाचकाच्या हातात एक पत्ता आहे जो लिस्बनच्या विद्वानाकडे सहसा नसतो. नव्या काबिजादींतले कितीतरी कागद मोडीत आहेत. गावकारींच्या जुन्या वह्या गोयकानडी या गोव्यातल्या जुन्या, कानडी वळणाच्या लिपीत सापडतात. १८२४ च्या रिवाज संहितेचं तर १८५० च्या दशकात पोर्तुगीज मजकुरासोबत मराठी भाषांतरही छापलं गेलं. मोडी शिकायला वर्ग सहज मिळतात. गोयकानडी वाचणारे थोडे आहेत, म्हणून ती शिकणाऱ्याला काम कधी कमी पडणार नाही.

मोडी-मराठी कागद कुठवर जाऊ शकतात याचा नमुना म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला मार्गाधिकाराचा खटला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले, डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारतावर दावा लावला, १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. पोर्तुगालचं म्हणणं असं की १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी पेशव्यांनी हा मुलूख आपल्याला सार्वभौमत्वासह दिला. न्यायालयाने तहाची भाषा इतर ठिकाणच्या भाषेशी ताडून पाहिली आणि ठरवलं की हे सरंजाम, म्हणजे महसुलाचं दान होतं. राज्य दिलेलं नव्हतं. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा ताबा सार्वभौम म्हणून मान्य केला, हेही न्यायालयाने धरलं. दमणहून तिथे जाण्या-येण्याचा हक्क खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान यांच्यापुरता मानला, सैन्याला नाही. आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असं म्हटलं. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि जोडलेले कागद न्यायालयाने प्रसिद्ध केले आहेत. सनद कशी वाचतात आणि प्रतिपक्ष तीच सनद कशी उलटी वाचतो, हे शिकायला तो खटला म्हणजे आयती शाळा.

कागदात जे बोलत नाहीत

आतापर्यंत सांगितलेले कागद कोणी लिहिले? भाटकाराने (जमीनमालकाने), नोटरीने, महसूल अधिकाऱ्याने. १५२६ चं फोरालही महसुलाच्या अधिकाऱ्याने गावकारांना विचारून केलं. त्यात मुख्य गावकाराला पानविडा आधी मिळावा, कापणी आधी त्याने सुरू करावी असले मान अगदी काळजीने नोंदलेत. शेतात चिखल तुडवणाऱ्याचं नाव नाही. मेशियाला शेतसारा नक्की करायचा होता, गावकारांना आपला मान नक्की करायचा होता. दोघांनाही तिसऱ्याची गरज नव्हती.

मुंडकाराचं हेच. भाटात झोपडी बांधून पिढ्यान्पिढ्या राहिलेल्याचा कागद १९७५ आधी क्वचितच. मग १९७५ च्या कायद्याखाली मामलेदाराकडे जी प्रकरणं गेली त्यांतल्या साक्षी वाचा. ‘माझा बाप इथे कधीपासून’ या प्रश्नाला लोकांनी दिलेली उत्तरं म्हणजे मौखिक इतिहासच आहे, फक्त शपथेवर घेतलेला. त्याच्या जोडीला तुम्ही स्वतः मुलाखती घ्या. वर्षं विचारू नका, कोणाला आठवत नाहीत. ‘मुक्तीच्या आधी की नंतर’, ‘माडाचे नारळ कोण पाडायचं’, ‘चवथीला भाटकाराकडे काय न्यायचात’ असं विचारा. आणि एकाच वादातल्या दोन्ही घरी जा. एकाच घरचा चहा पिऊन लिहिलेला इतिहास लगेच ओळखू येतो.

दगड आणि बांध

कायदा दगडावरही असतो. कदंबांचे ताम्रपट आणि शिलालेख जमीनदानाचे दस्तऐवज आहेत. गद्धेगाळ तर कायद्याचा धाकच: दान मोडणाऱ्याला दिलेली अश्लील शिवी दगडात कोरून शेताच्या कडेला उभी केलेली. पोलीस नसलेल्या काळात अंमलबजावणी कशी होत असे याचं उत्तर देणारा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बघा. तसंच कोमुनिदादीचे सीमेचे दगड, मानशी, तळ्यांचे सांडवे. नकाशा हातात घेऊन एकदा तरी जागेवर जा, ओहोटीच्या वेळी.

वही

प्रत्येक नोंदीबरोबर चार गोष्टी लिहा: दफ्तर, मालिका, खंड किंवा पुस्तकाचा नंबर, पान आणि पानाची बाजू. फोटो काढण्याची परवानगी असेल तर आधी पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग पानाचा. भाषांतर आणि मूळ मजकूर वेगवेगळ्या शाईत. यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर वापरा खुशाल, पण तसं लिहून ठेवा. जुन्या कायद्याच्या पोर्तुगीजपुढे ती यंत्रं अजून बिचकतात.

इन्व्हेंतारच्या फायलींत औरस-अनौरस मुलं, दत्तकविधान, कर्ज, घरातली भांडणं असं सगळं असतं आणि ती घरं आज त्याच वाड्यावर राहतात. जिवंत माणसांपर्यंत पोचणारी नावं बदला किंवा आद्याक्षरांवर भागवा. ज्यांनी पेटी उघडून दिली त्यांना छापण्याआधी मजकूर दाखवा. आणि कोणी तुमच्या टिपणांची प्रत चालू दाव्यात लावायला मागितली, तर न देता त्यांना मूळ पुस्तकाचा नंबर नि पान तेवढं सांगा. प्रमाणित प्रत त्यांनी कचेरीतून काढावी.